पिवळ्या वायरचा धबधबा

भांडून जयसिंगपूरला माहेरी गेलेली स्वप्नाली उरलेले कपडे न्यायला पिशवी घेऊन आली, तर जुन्या डबा टीव्हीच्या काचेवर नवऱ्याची चिठ्ठी चिकटवलेली.

"स्वप्ना, शिरोलीला ड्यूटीवर जातोय. व्हिडिओ गेमची नवी केबल काढून तुझी पिवळी वायर परत लावलीय. नव्या केबलनं चित्र लख्ख झालं, पण गेममधल्या धबधब्याच्या नुसत्या उभ्या रेघा दिसायला लागल्या. तू सांगत होतीस, मी ऐकलंच न्हाय. टीव्ही जरा तापू दे, मग लांबून बघ. पिवळीनं चित्र जरा पुसट येतंय, त्यात रेघा एकमेकींत मिसळतात आन् पाणी व्हतंय की! काल बघत बसलो, जेवायचंच राहिलं. – राजवर्धन"

स्वप्नालीनं टीव्ही लावला. गेममधल्या गड्याला धबधब्याखाली उभं केलं आणि भिंतीला टेकली.

दिवस कलला. पाणी पडत होतं. पिशवी रिकामीच होती.