तो कोट झटकू नकोस

अरे ऐक,

आईंना हॉस्पिटलात नेतेय. छातीतलं पाणी काढतील, मग किमो. पूर्ण बरं होणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल म्हणतात. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे, ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे.

"मी कुठे कारखान्यात गेले होते?" आई हसल्या. डॉक्टर म्हणाले, "यजमानांचे कपडे कोण झटकायचं?" "मीच, रोज ते कामावरून आले की," आई म्हणाल्या.

बाबांचा तो कारखान्यातला जुना कोट अजून दाराआड लटकतोय. काल लपाछपीत आपलं पिल्लू त्यात लपलं होतं! आता शेजारच्या मावशींकडे ठेवलंय त्याला. तू मास्क लाव, कोट जागच्या जागी ओला कर आणि दोन पिशव्यांत घट्ट बांध. झटकू मात्र नकोस.

बाबांनी कोटाचं विचारलंच, तर उंदरांच्या माथी मार. आईंनी बजावलंय, "त्यांना कळलं, तर माझ्याआधी तेच जातील."