ठिकाण लिहिलेले नाही

मी, बेबीनंदा रामराव खांडेभराड, वय चोवीस, एम.एस्सी. पदार्थविज्ञान, राहणार तालुका जाफराबाद, पूर्ण शुद्धीवर हे लिहिते. हात मोडला आहे, बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता त्या घरातून निघूनच लिहीत आहे.

अणुशक्तीवर जहाज चालवण्याच्या सरकारी संशोधनात माझी निवड झाली. एकदा भरलेल्या इंधनावर वर्षानुवर्षे चालणारे जहाज आपल्या देशाने स्वतः बांधावे, त्यात माझेही थोडे काम असावे, ही माझी इच्छा. ठिकाण कोणाला सांगणार नाही, असे मी लिहून दिले आहे. अशा नोकरीआधी पोलीस गावात चौकशी करतात. हवालदाराने पारावर सगळ्यांदेखत विचारले, या मुलीवर काही गुन्हा आहे का. भाऊ सर्जेराव समजला, मी कुठेतरी तोंड काळे केले.

"जालन्यात समुद्र न्हाई अन् हिला जहाजाची नोकरी," तो म्हणाला. "ठिकाण सांग."

मी नाही म्हटले. त्याने केस धरून मला अंगणात ओढले. कुऱ्हाडीच्या दांड्याने उजव्या हाताची तीन बोटे मोडली, एकेक करून. प्रत्येक बोटाआधी तोच प्रश्न. मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला, त्याचा पश्चात्ताप नाही. ठिकाण सांगितले नाही. गेलीस तर हुडकून मारीन, असे तो म्हणाला. तो बोलतो तसे करतो, म्हणून हे मृत्युपत्र.

१. वडिलांच्या जमिनीतला, मुलींना वाटा देणाऱ्या १९९४ च्या कायद्याने मिळालेला माझा हिस्सा वहिनी कांताबाईला. नेमणुकीचे पत्र तिने पिठाच्या डब्यात लपवले, मागचे दार उघडले. "वन्सं, जल्दी निघा. मंग माझं मी बघते," म्हणाली. तिचे काय झाले, मला अजून कळलेले नाही. यापुढे सर्जेरावने त्या बांधावर तिला विचारून पाय ठेवावा.

२. पुस्तके तालुक्यातल्या विज्ञान घेणाऱ्या पुढच्या मुलीला. एका वहीवर रक्त आहे. आकडेमोड वाचता येते.

३. कानातली फुले आई झुंबरबाईला. ती दारात रडत उभी राहिली, मध्ये पडली नाही. राग आहे, तरी फुले तिचीच.

४. सर्जेरावला तो दांडा. माझ्या मृत्यूची बातमी त्याला द्यावी, ठिकाण देऊ नये.

अंगठा चालेल, असे म्हणून दस्तलेखकाने शाई पुढे केली. आमच्या घरातल्या बायकांनी आजवर अंगठाच दिला. हे सारे मी चार दिवस बसून डाव्या हाताने लिहिले आहे. सहीही त्याच हाताने करते. उद्या सकाळच्या गाडीने रुजू व्हायला निघते.

सही: बेबीनंदा रामराव खांडेभराड

आमच्यासमक्ष सही केली:
१. सुहासिनी मार्तंड देऊळगावकर, शिक्षिका
२. डॉ. वामन अंबेकर, हाताला प्लास्टर घालणारे

जालना, ९ जून १९९७