वॉल्टरला सडेतोड उत्तर

२८ फेब्रुवारी २०१५, शनिवार
इथे हॉलंडमध्ये, हार्लेमच्या बाजारात १९३८ सालचं अमेरिकन विज्ञानकथांचं मासिक मिळालं. कथा सुमार. पण शेवटची वाचकांची पत्रं! ओहायोचा कुणी वॉल्टर पिंकनी लिहितो: विज्ञानकथेत बायका नकोत, यान मंगळाकडे निघालेलं असताना त्या मध्येमध्ये बोलतात. डोकंच फिरलं. उत्तर द्यायलाच हवं. उद्या. एक पान, मुद्देसूद.

३ मार्च
चार पानं. माझी बायको वृंदा म्हणते, शशिकांत, सत्त्याहत्तर वर्षं झाली, तो माणूस गेला असेल. असेल. म्हणून त्याचं खरं ठरतं?

५ मार्च
बुधवारी वृंदाची डच बोलण्याची परीक्षा. पास झाली तर तिला इथल्या शाळेत नोकरी मिळेल. तयारी करून घे म्हणाली. रविवारी नक्की, म्हटलं. सध्या स्त्रियांच्या हक्काचं काम हातात आहे.

८ मार्च, दुपारी ४
महिला दिन. याहून चांगला मुहूर्त कुठला? नववं पान जबरदस्त. वृंदा वही घेऊन आली, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायचा संवाद करू म्हणाली. म्हटलं, मध्येमध्ये बोलू नकोस, लिंक तुटते.

११ मार्च
वृंदाला गाडीनं परीक्षेला सोडणार होतो. पण अकरा पानं एकदाची पूर्ण झाली, आणि आजच पोस्टात टाकणं भाग होतं. त्या काळी पत्राखाली पूर्ण पत्ता छापायचे, त्याच पत्त्यावर पाठवलं. वृंदा सायकलनं स्टेशनला गेली. समोरून वारा होता म्हणे. इथे रोजच असतो.

२ एप्रिल
वृंदा पास! शेजारच्या आजींनी रोज तासभर सराव करून घेतला म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. नाहीतर मीच घेतला असता.

१९ मे
ओहायोहून उत्तर! माणूस जिवंत, त्याच घरात. अक्षर थरथरतं, पण स्पष्ट: 'महाशय, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. खरं तर माझं लग्न झालं तेव्हाच पटलं होतं. ते पत्र लिहिलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तुमचं वय काय?'
वृंदानं ते दोनदा वाचलं. मग पेन आणून दिलं.

२३ मे
उत्तर एका शब्दाचं आहे. शेहेचाळीस. चार दिवस झाले, लिहून होत नाही.