दोघांचं लिस्बन

१४ जानेवारी, रविवार

ठरलं. मी आणि माझा धाकटा भाऊ कोलमन, मे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार, लिस्बन. दोन दिवस, बघायच्या जागा अकरा. नीट आखणी केली तर आरामात बसतं. लोक आठ-आठ दिवस जाऊन काय करतात देव जाणे.

ठरलं ते कोलमनकडे, दुपारच्या जेवणावर. त्याने निम्मं मांस ताटात तसंच ठेवलं, ते मी संपवलं. बारीक झालाय. बरंच आहे, चढउताराचं शहर आहे ते. मी विषय काढला आणि गडी एका झटक्यात "चल" म्हणाला. एकोणसाठ वर्षांत विमानात पाय ठेवला नाही, सगळा जन्म इथे आयर्लंडमध्ये, आमच्या एनिस गावातल्या लोकांचे बॉयलर दुरुस्त करण्यात गेला, आणि "चल"! त्याची बायको अ‍ॅट्रॅक्टा मात्र पाठ फिरवून सिंकमधल्या भांड्यांकडे बघत राहिली. फार पूर्वी, ती आमच्या घरात यायच्याही आधी, मी तिला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतं. नियमानुसारच. माझी नोकरीच ती होती. पण काही माणसं मनात धरून ठेवतात.

संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. रोज वीस पोर्तुगीज शब्द. पाव बंद.

२३ जानेवारी, मंगळवार

चालणं: पाऊस. शब्द: एकूण चार, त्यातले दोन "धन्यवाद"चेच, एक पुरुषांनी म्हणायचा, एक बायकांनी. पाव: फक्त सकाळी.

विमानाची तिकिटं काढली. खिडकी मला. कोलमनला आत-बाहेर करायला कडेची सीट बरी.

अ‍ॅट्रॅक्टाला फोन करून आनंदाची बातमी दिली. ती म्हणाली, मॅलकी, गुरुवारी त्याच्या स्कॅनचा रिपोर्ट आहे, तेवढं तरी थांबायचं होतंस. मी म्हणालो, पोटाच्या कटकटीचा आणि मे महिन्याचा काय संबंध? तेवढ्यात फोन बंद झाला. इकडचं नेटवर्क भिकार आहे. तक्रार करायला हवी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघांना गाडीतून लिमरिकला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरीणबाई कोवळी पोर, पण बोलायला स्पष्ट. ट्रीटमेंट सुरू करू म्हणाली, पण आता वर्षांच्या भाषेत बोलू नका, महिन्यांच्या भाषेत बोला. मला हा दृष्टिकोन आवडला. काम महिन्यांत आटपणार असेल तर मे व्यवस्थित जमतो. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग कोलमनकडे. कोलमन म्हणाला, डॉक्टर, हे माझे थोरले बंधू. आमचं लिस्बनला जायचं ठरलंय.

परत येताना अ‍ॅट्रॅक्टा मागच्या सीटवर. कोलमनच बोलत होता. म्हणाला, मॅलकी, तू इतकी हळू चालवतोस की मागून येणारी शववाहिका आपल्याला ओव्हरटेक करून जाईल. मी त्याला वेगमर्यादेचा नियम सांगितला. तो पोट धरून हसला. हसला की त्याला दुखतं, तरी हसतो. जन्मजात बेशिस्त.

२५ फेब्रुवारी, रविवार

आखणीत किरकोळ बदल. किल्ला काढून टाकला. चढ फार आहे, आणि किल्ले आपल्याकडे काय थोडे पडलेत? मठ दोन होते, एक ठेवला.

आज कोलमनला सरावासाठी नदीकाठी चालवायला नेलं. पुलापासून पहिल्या बाकापर्यंत गेलो. तिथे तो बसला आणि म्हणाला, जरा हंस बघू. बराच वेळ हंस बघितले. एवढ्या वर्षांत त्याला पक्ष्यांचा नाद आहे हे मला ठाऊकच नव्हतं. घरी पोचल्यावर अ‍ॅट्रॅक्टा मला दारातच फाडून खाणार होती, पण कोलमन म्हणाला, बाई गं, मीच म्हणालो होतो त्याला. तो तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण असेल.

शब्द: मागचे चारही विसरलो. नव्याने सुरुवात सोमवारपासून.

३ मार्च, शनिवार

बर्फ. रस्ते बंद. गाडी काढणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. गेले तीन दिवस कोलमनकडे गेलेलो नाही.

दुपारी त्यानेच फोन केला. म्हणाला, मॅलकी, शनिवारचा कार्यक्रम वाचून दाखव ना. मी सविस्तर वाचला. ट्राम कुठे पकडायची, तिच्यात डावीकडे का बसायचं, दुपारी खारवलेल्या माशाचं जेवण, त्यावर कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री. मठाच्या इतिहासापर्यंत आलो तर पलीकडून आवाज नाही. मग अ‍ॅट्रॅक्टाने फोन घेतला. म्हणाली, झोपला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आत्ता झोपला. आणि म्हणाली, थँक यू, मॅलकी.

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होत आली, ती मला हे पहिल्यांदाच म्हणाली. आखणी चांगली असली की माणसाला पटतेच.

१८ मार्च, रविवार

काल सेंट पॅट्रिकची मिरवणूक. कोलमनला मोटारीत बसूनच दाखवली, मोक्याची जागा धरून. मिरवणूक दिसली कमीच. एकेक जण खिडकीशी येऊन त्याचा हात हातात घेत होता आणि सोडत नव्हता. चर्चचा ऑर्गन वाजवणारी बाई आली, खाटीक आला, माझ्याकडून परीक्षेत नापास झालेली निम्मी मंडळी आली. कोलमन प्रत्येकाला बॉयलरचं विचारत होता. गरम पाणी येतं ना रे? वरच्या मजल्यावर? खाटीक तर चक्क रडायला लागला. सकाळपासून बिअर पीत असणार. सणाच्या दिवशी ही आमच्याकडची जुनी खोड.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय सांगून ठेवली. फोनवरच्या माणसाने विचारलं, प्रवाशाला काय त्रास आहे? मी म्हणालो, गुडघा.

दुसरा मठही काढला. राजवाडाही. वस्तुसंग्रहालयं सगळी सारखीच असतात, तीही काढली.

पाव: हल्ली संध्याकाळी स्वयंपाक करावासा वाटत नाही. पावच खातो.

१ एप्रिल, ईस्टर

दिवस बिघडला.

जेवणानंतर अ‍ॅट्रॅक्टाने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटलं. म्हणाली, मॅलकी, आता पुरे. त्याला कुठेही जायचं नाही. त्याला विमानाची भीती वाटते, लहानपणापासून वाटते, तू त्याचा भाऊ असून तुला हे माहीत नाही? तो हे सगळं तुझ्यासाठी करतोय.

मी म्हणालो, माझ्यासाठी कशाला? तब्येत त्याची बरी नाही.

ती म्हणाली, हो रे बाबा. हेच वाक्य पुरं कर. पुढे म्हण.

मी म्हणालो, पुरंच आहे. तिने हात पुसले, मग टॉवेल तसाच तोंडावर धरून उभी राहिली. ती दमली आहे. तिच्यासाठी कुणीतरी मदतीला बघायला हवं.

पण मी शंका ठेवणारा माणूस नाही. सरळ जाऊन कोलमनला विचारलं, तुला यायचंय की नाही? तो खिडकीपाशी ब्लँकेट घेऊन बसला होता. म्हणाला, अरे, लिस्बन बंद पडलं तर तू रोज इथे येऊन माझ्याकडे बघत बसशील. मला ते नको. त्यापेक्षा तू नकाशाकडे बघ, मी तुझ्याकडे बघतो.

हा होकारच समजायचा.

१४ एप्रिल, शनिवार

कोलमनचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणलाय. सोयीचं पडतं. रोज एक नर्स येते.

कार्यक्रम आता सुटसुटीत झाला आहे. एकच जागा. उंचावरचा एक कट्टा, तिथपर्यंत ट्राम जाते, वर बाकं आहेत. मी नकाशा पलंगावर पसरला आणि त्याला बोट ठेवून दाखवलं. त्याने विचारलं, तिथून काय दिसतं? मी म्हणालो, छपरं. खाली नदी. नदी एवढी रुंद की समुद्रच वाटावा. तो म्हणाला, आणि आपण तिथे करायचं काय? मी म्हणालो, बसायचं. तो म्हणाला, हे मला जमेल.

थोड्या वेळाने म्हणाला, तू जा हं.

मी म्हणालो, दोघं जाऊ, तिकिटं दोन आहेत.

तो म्हणाला, मॅलकी. एवढंच. मी नकाशाची घडी घालायला घेतली. एकदा घडी मोडली की ते नकाशे मूळच्या घडीत बसतच नाहीत, कोण बनवतं असले नकाशे? तो झोपेपर्यंत माझं तेच चाललं होतं.

२० एप्रिल, शुक्रवार

ट्रिप आता एका माणसाची.

कोलमन सकाळी गेला. अ‍ॅट्रॅक्टाचा फोन आला तेव्हा मी हॉटेलवाल्यांशी बोलत होतो, खाली तळमजल्यावर खोली मिळेल का म्हणून. दुसरा फोन येतोय हे दिसत होतं. मी आधी हॉटेलचं बोलणं पुरं केलं. मिळेल म्हणाले.

२४ एप्रिल, मंगळवार

काल अंत्यविधी. पार्किंगची व्यवस्था अत्यंत वाईट. चर्चच्या दोन्ही बाजूंना गाड्या, काही तर चक्क पदपथावर. शववाहिकेच्या ड्रायव्हरने कोपऱ्यावर वळताना इंडिकेटर दिला नाही. मी मागच्याच गाडीत होतो, मी बघितलं. अशाला मी नापास केलं असतं. दफनभूमीपर्यंत मी हेच बोलत होतो. अ‍ॅट्रॅक्टा माझ्या शेजारी होती. म्हणाली, होय, मॅलकी. नव्हता दिला. आणि माझा हात धरला.

नंतर घरी चहा आणि हॅम सँडविच. माणसं मावत नव्हती. सगळे मला कोलमनच्या गोष्टी सांगत होते. कुणाच्या घरी नाताळच्या दिवशी जाऊन त्याने पाणी तापवून दिलं, कुणाकडून पैसेच घेतले नाहीत. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. मी सँडविचं वाटत फिरलो.

निघताना अ‍ॅट्रॅक्टाला म्हणालो, तिकीट रद्द करतो. ती म्हणाली, नको. जा तू. त्याने मला सांगून ठेवलंय, तुला ढकलून पाठवायचं म्हणून.

चालणं, शब्द: नाही.

१२ मे, शनिवार. लिस्बन. संध्याकाळ

सकाळी ट्रामने त्या कट्ट्यावर गेलो. जागा प्रवासाच्या पुस्तकात म्हटल्याप्रमाणेच आहे. छपरं, नदी. बाकावर बसलो.

एक डच जोडपं आलं, माझ्याच वयाचं. बाईने फोटो काढायला सांगितला. मी काढला, नीट काढला. मग ती म्हणाली, आता तुमचा काढते. मी म्हणालो, नको, माझा भाऊ मागून येतोय, दोघांचा एकदमच काढू.

तोंडातून कसं निघून गेलं कळलं नाही. वाटलं, आता ही जातील. तर ती म्हणाली, मग थांबतो की आम्ही! आणि दोघंही माझ्या शेजारी बसली. नवऱ्याने संत्रं सोललं, मला निम्मं दिलं. मग विचारलं, कसा दिसतो हो तुमचा भाऊ? माझी लांबची नजर चांगली आहे, लक्ष ठेवतो.

मी सांगितलं. चांगला दांडगा आहे. लाल केस. चालताना डावीकडे झुकतो, त्या खांद्यावर आयुष्यभर हत्यारांची पिशवी होती ना. चढ चढताना शिट्टी वाजवतो, दम लागला तरी वाजवतो. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीला हात लावून बघतो, पाइप गरम आहे का. रस्त्यात प्रत्येकाशी बोलत बसतो, म्हणून त्याला उशीर होतो, नेहमीच होतो. मी बराच वेळ सांगत होतो. इतकं मी कित्येक दिवसांत कुणाशी बोललो नव्हतो. बाई हसत होती, म्हणाली, मला आत्ताच आवडला तो.

तेवढ्यात नवरा उठून उभा राहिला आणि चढाकडे बोट दाखवून म्हणाला, तो का?

मी वळून बघितलं. एक दांडगा माणूस चढ चढत होता, लाल केसांचा, कोट खांद्यावर टाकलेला. मी उठलो. हात वर केला. चांगला उंच हात केला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मग मी कुणाला हात करतोय म्हणून मागे वळून बघितलं, आणि पुढे निघून गेला.

बाई म्हणाली, नव्हता वाटतं. मी म्हणालो, नाही. खाली बसलो. मग म्हणालो, तो वारला. एप्रिलमध्ये वारला. यायचा नाही तो.

माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं मी.

दोघंही उठली नाहीत. नवऱ्याने त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने म्हणून बघितलं, पण उच्चार चुकला. मी दुरुस्त केला. त्याने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा दुरुस्त केला. मग बाईनेही म्हणून बघितलं.

ती दोघं गेल्यावर खूप वेळ तिथेच होतो. बाकी काही बघितलं नाही. जेवलो नाही. खोली तळमजल्यावर आहे, खिडकीतून फक्त माणसांचे पाय दिसतात.

उद्या रविवार. काही ठरवलेलं नाही.