धूर ओढायचं मशीन आणि चांदवडचं शिबिर

प्रिय मालती,

परवा हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि तुझं चांदवडचं नेत्रशिबिर या वर्षापुरतं बंद झालं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहितोय. आता तुला कोण सांगणार, असं लेक म्हणेल. पण तुझ्या ओळखी मला माहीत आहेत! तिकडेही चांदवडची दोन-चार माणसं तू शोधून काढली असशीलच.

लगेच चिडू नकोस. आधी सगळं ऐकून घे.

तू गेल्यावर विश्वस्तांनी मला हॉस्पिटलच्या समितीत घेतलं. 'नागरिक प्रतिनिधी' म्हणे! एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्रातून रिटायर झालेल्या माणसाची चहा-बिस्किटांची सोय झाली, एवढंच मी समजत होतो. परवापर्यंत ते खरंही होतं.

परवा विषय निघाला तुमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या धुराचा. ती विजेची कॉटरी लावली की रक्त थांबतं, पण मांस जळतं आणि धूर निघतो, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. तेही जेवताना! मी वाटी बाजूला सारली आणि माझ्या वाटणीची भाजी तू खाल्लीस. तुम्हा नर्सबायकांना कुठे काय बोलावं याचं भान कधी असतं का गं?

प्रस्ताव असा होता की प्रत्येक थिएटरमध्ये धूर ओढायचं मशीन हवं, आणि ते चालू असल्याशिवाय कॉटरी लावायचीच नाही. तुझ्या जागेवर आलेल्या निर्मला सिस्टरने तो मांडला. खाली तुझं नाव होतं. तू याच धुराने गेलीस, असं लिहिलं होतं.

ते वाक्य मी काढायला लावलं. निर्मलाला वाईट वाटलं. पण तुझी फुप्फुसं कशाने गेली हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर आपल्या दोघांसमोर म्हणाले होते ना? मग जे ठाऊक नाही ते मी कसं लिहू देऊ? तुझा फोटो लावला असता तर काम पटकन झालं असतं, हे मला कळत होतं. तरीही नको वाटलं.

अध्यक्षांनी विचारलं, "इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली होती का?"

"नाही," निर्मला म्हणाली. "आम्हाला मालती सिस्टर बाम द्यायच्या."

सगळे हसले. मीही हसलो. तुझा तो बाम! पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत, उशाखाली. नवीन मुलगी थिएटरमध्ये आली, तिला मळमळलं, की तू तिच्या मास्कला आतून बाम लावून द्यायचीस आणि म्हणायचीस, "वास गेला की झालं. होते सवय." अगं, वास गेला, धूर कुठे गेला? इतक्या पोरींना तू सहन करायला शिकवलंस, मालू. त्यातल्या एकीला तरी ओरडायला शिकवायचं होतंस.

आणि घरी काय चालायचं? मी ड्यूटीवरून आलो की माझे कपडे गॅलरीत. हातपाय धुतल्याशिवाय नातवाला हात लावायचा नाही. "राखेतून आलायत तुम्ही!" तू मात्र थेट स्वयंपाकघरात. तुझ्या केसांना तो जळका वास यायचा तेव्हा मी म्हणायचो, "सिस्टर, आज काय भाजलंत?" तू लाटणं उगारायचीस. आमची चिमणी लांबून दिसायची, म्हणून आमच्या धुराबद्दल सगळं गाव बोलायचं. तुमच्या थिएटरचं दार बंद. तो धूर कोणाला दिसणार होता?

असो. मशीन हवं, यावर वाद नव्हता. वाद होता कोणाच्या वाटणीचं काढून घ्यायचं यावर. आपले सर्जन सरळ बोलले. "मशीन एकदाच घ्यायचं, पण फिल्टर कायमचे बदलावे लागणार." एकाने सुचवलं, मशीन आत्ता घेऊ, फिल्टरचं पुढे बघू. सर्जन म्हणाले, "मग त्यापेक्षा पंखा लावा." पेशंटचं बिल वाढवायचं नाही, हे सगळ्यांनाच मान्य. हॉस्पिटल चालतं लोकांच्या देणग्यांवर. हलवता येईल अशी रक्कम एकच होती, चांदवडच्या शिबिराची.

समितीतले अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला, आणि मधे मी. निर्मला माझ्याकडे बघत होती. मला मात्र शिबिराच्या दिवशी पहाटे उठून पोळ्या लाटणारी तू दिसत होतीस. गावातून म्हातारी माणसं हॉस्पिटलात आणायला गाडी जायची, तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारची जागा तुझी. दुसरं कोणी तिथे बसलेलं तुला खपायचं नाही.

तरी मी हात वर केला.

का? थिएटरमधल्या पोरींना उद्या सकाळी पुन्हा तिथेच उभं राहायचंय. डोळ्याचं ऑपरेशन वर्षभर थांबू शकतं. श्वास थांबवून कोणाला ड्यूटी करता येते का? तिथे हे मला अगदी पटलं होतं. घरी येऊन झोपही चांगली लागली.

काल चांदवडला गेलो. गाडी येणार नाही हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. आधी गेलो पार्वताबाईंकडे. गेल्या शिबिरात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, ऑपरेशनच्या टेबलावर तुझा हात सोडेनात, त्या. दुसरा डोळा पुढच्या शिबिरात, असं तूच त्यांना सांगितलं होतंस.

कांदाचाळीपाशी कांदे निवडत बसल्या होत्या. "सिस्टर गेल्या, लय वाईट झालं," म्हणाल्या. मग लगेच, "गाडी कधी येनार, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. नर्सा, धूर, मशीन, फिल्टर. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मधे एकदा "अरे देवा, मानसाच्या मासाचा धूर?" असंही म्हणाल्या. मला वाटलं, पटलं.

मग म्हणाल्या, "धूर तर माझ्या चुलीला बी हाय. जल्मभर खाल्ला. मला कोनी मशीन दिलं?"

"नाही दिलं," मी म्हणालो.

"मंग माझाच डोळा कामून थांबवला?"

मालती, तू असतीस तर काय सांगितलं असतंस? तू काहीतरी बोलून त्यांना हसवलं असतंस. त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मीटिंगमध्ये सगळे बोलले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही, कारण ज्यांचा तो प्रश्न होता त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. मीच होतो ना नागरिक प्रतिनिधी?

त्यांनी चहा केला. आपला कप घेताना त्यांचा हात कपाच्या बाजूला पडला, मग चाचपडत त्याच्या कानाला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन फुकट होतं, ते त्यांनाही ठाऊक आहे. पण मुलगा कांद्याच्या मागे, सून घरात अडकलेली. घेऊन कोण येणार? तुझी गाडी दारात यायची, सगळा फरक तेवढाच होता. सोमवारी सकाळी मी त्यांना त्या दवाखान्यात न्यायला जातोय. त्यांच्यानंतर शेजारच्या आळीतले आजोबा, मग पुढचे. एकेक करून. सगळ्यांना पुरेन का? नाही पुरणार, मला माहीत आहे. कोणीतरी राहील आणि त्याला वर्षभर कमी दिसेल, आणि ते माझ्यामुळे असेल.

तरी तुला दोन गोष्टींचा शब्द देतो. माझे गुडघे चालतात तोवर चांदवडची फेरी चुकणार नाही. आणि फिल्टरचे पैसे पुन्हा कशातून तरी काढायची वेळ आली, तर ज्यांचं काढायचं त्यांना आधी त्या खोलीत आणून बसवीन. त्यांच्या तोंडाकडे बघत मग हात वर करीन. होय, वरच करीन. त्यावरून तुला भांडायचं असेल तर भांड, मी ऐकून घेईन.

तुझा,
'अहो'