मिनिटाला चोवीसशे फेरे आणि इतर मिळकत

आरंभी एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण नंतर ती कोणी ऐकणार नाही. शेजारी श्री. काळूराम कोळी गेली अकरा वर्षे माझे वर्तमानपत्र माझ्याआधी वाचतात. वाचण्याबद्दल म्हणणे नाही. पण ते शब्दकोडे सोडवतात, बॉलपेनने आणि चुकीचे. ज्याने हयातभर शाळेत संस्कृत शिकवले, त्याला 'कमळ, तीन अक्षरे' या चौकोनांत 'गुलाब' वाचावे लागते. विचारले तर म्हणतात, "बसतंय ना मास्तर? मंग?"

आता मूळ विषय. मी, विनायक काशिराम घरत, वय वर्षे चोपन्न, धंदा शिक्षक, राहणार पनवेल, कोणाच्याही धाकाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी मती ठिकाणावर आहे असे डॉक्टरांचे मत आहे. माझे स्वतःचे मत तितके ठाम नाही. कारण कलम चारमध्ये येईल. येत्या गुरुवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. काम किरकोळ आहे म्हणतात. मग पाच ठिकाणी सह्या कशाला घेतल्या, याचे उत्तर मिळाले नाही.

कलम १. राहती दोन खोल्यांची जागा आणि बँकेतली ठेव माझी धाकटी बहीण श्रीमती भामा पाटील हिला. ती मेहुणे गेल्यापासून मुलगी समीक्षासह माझ्याकडेच राहते, त्यामुळे हे कलम म्हणजे जे आहे ते कागदावर आणणे एवढेच. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तोही तिला.

कलम २. व्याकरणाचे आणि न्यायशास्त्राचे सर्व ग्रंथ शाळेच्या वाचनालयास. कोणी उघडणार नाही याची कल्पना आहे. निदान कपाट बदलले म्हणजे त्यांना हवापालट होईल.

कलम ३. वडिलांची मिठागरात मीठ ओढायची लाकडी फळी. तिचा दांडा कधीच गेला. उरलेली फळी कापून आम्ही रोडपालीच्या मोकळ्या मैदानावर बेसबॉलची होम प्लेट, म्हणजे बॅटरपुढची नेमाची पाटी, म्हणून पुरली आहे. ती समीक्षाने उकरून घ्यावी, किंवा तिथेच राहू द्यावी. वडिलांनी या फळीवर चाळीस वर्षे घाम गाळला. नात तिच्यावर नेम धरते. ते असते तर हसले असते की ओरडले असते, हे मला ठरवता येत नाही.

कलम ४. (हे भामासमोर मोठ्याने वाचू नये.)

माझी भाची समीक्षा बेसबॉलची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी आहे. आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक श्री. भगवान गावंड यांनी तिला आठवीत हा खेळ शिकवला. मी पहिल्याच दिवशी चेंडू झेलायला गेलो आणि उजव्या हाताची अनामिका मोडून घेतली. त्या दिवसापासून मी चेंडूला हात लावलेला नाही. झेलायला काळूराम बसतात. उरणला जन्मभर जाळ्याचे दोर ओढलेल्या हाताला बेसबॉल म्हणजे काहीच नाही. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाईलवर संथगती चित्रण करतो.

वकीलसाहेबांच्या माहितीसाठी थोडे शास्त्र. फास्टबॉल बोटांतून सुटताना उलटी गिरकी घेतो. त्या गिरकीमुळे हवा त्याला वर ढकलते, पृथ्वी खाली ओढते, आणि शेवटी पृथ्वीच जिंकते, पण जरा उशिरा. वेग तोच ठेवून फेरे वाढले तर चेंडू खाली कमी पडतो. बॅटरचा डोळा नेहमीइतके पडणे गृहीत धरून बसलेला असतो, म्हणून तिची बॅट चेंडूच्या खालून जाते. चेंडू प्रत्यक्षात वर चढत नाही. वैशेषिकांनी अभाव, म्हणजे नसणे, हा सातवा पदार्थ मानला तो का, हे मला पाठ होते पण पटले नव्हते. 'न पडणे' काळूरामच्या ग्लोव्हमध्ये धपकन बसलेले ऐकले तेव्हा पटले. मात्र फेरे कमी असतील तर छातीच्या उंचीवर फेकलेला तोच चेंडू आयता बॅटवर येतो, आणि मग मैदानाबाहेर शोधावा लागतो.

म्हणून फेरे मोजायचे ठरले. चेंडूवर मार्करने एक काळा ठिपका काढायचा, चित्रणात तो किती चौकटींनी, म्हणजे फ्रेम्सनी, परत दिसतो ते पाहायचे. सेकंदाला दोनशे चाळीस चौकटी. ठिपका दर सहाव्या चौकटीला येई. म्हणजे सेकंदाला चाळीस फेरे, मिनिटाला चोवीसशे. अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुषांची सरासरी बाविसशे-तेविसशे आहे असे वाचले होते. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. चोवीसशेच.

गावंड सरांना वही दाखवली. ते म्हणाले, "घरत सर, पोरीचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिला चोवीसशे फेरे कसे येतील? मोजणीत घोळ आहे तुमच्या."

मी म्हणालो, "तुम्ही शिट्टी सांभाळा. मोजणी मी सांभाळतो."

त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. स्टाफरूममध्ये साखरेचा डबा मागायचा झाला तरी शिपायामार्फत.

समीक्षाला मात्र मी सांगितले, छातीच्या उंचीवर टाक, बिनधास्त. ती टाकू लागली आणि बॅटर खालून हवा कापू लागल्या. जिल्ह्यात, विभागात, राज्यात. मग या सप्टेंबरात दोन पत्रे आली. एक राष्ट्रीय निवड-शिबिराचे, दुसरे उरणच्या एका गोदाम कंपनीतल्या कायम नोकरीचे. रुजू होण्याची तारीख आणि शिबिर डिसेंबरातल्या एकाच आठवड्यात. भामा म्हणाली, "चेंडू फेकून पोट भरतंय का कुनाचं? आमी मिठागरातली मानसं, दादा." मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि आपल्या व अमेरिकेच्या आकड्यांवर बोट ठेवले. भामाला इंग्रजी आकडे नीट येतात. दोन्ही आकडे दोनदा वाचून ती म्हणाली, "अमेरिकेच्या बाप्यांपेक्षा जास्त हाय? मंग जाऊ दे तिला." समीक्षाने नोकरीला नकार कळवला.

परवा रविवारी दवाखान्याची फाईल शोधायला आत गेलो तर भामा चेंडू आणि मार्कर घेऊन बसली होती. ठिपका पुसट झाला की गिरवायचे काम तिच्याकडे होते, मी चेंडूला हात लावत नाही म्हणून.

"एका बाजूचा झाला की," मी म्हणालो.

"ती तुजी तीट. आता माजी."

"तुझी कुठली?"

"ही मागची. आरे, नजर काय एकाच बाजूनं लागते? फिरता चेंडू तो."

"कधीपासून लावतेस?"

"पैल्या दिसापासून. का रं, तोंड का पडलं तुजं?"

मी म्हणालो, पित्त.

समोरासमोर दोन ठिपके. म्हणजे मी जो एक फेरा मोजला तो अर्धा होता. चोवीसशे नव्हेत, बाराशे. गावंड सर बरोबर होते.

इथून पुढे माझी मती ठिकाणावर नाही. बाराशे फेऱ्यांचा उंच चेंडू आयता बॅटवर यायला हवा होता. या मोसमात एकतीस जणी त्यावर बाद झाल्या आहेत, आणि त्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आहेत. मी कारणांची यादी केली. आकडा ऐकून बॅटर घाबरल्या असतील? पण दुसऱ्या जिल्ह्यातल्यांना आकडा कुठे माहीत होता. त्यांना हळू चेंडूंची सवय असेल? राज्य पातळीवर तशी नसावी. समीक्षा आकडा ऐकून कचरत नाही, हात अर्धवट ओढत नाही, म्हणून? पण विश्वासाने हवेला काय फरक पडतो? एकूण तीन कारणे लिहिली आणि तिन्ही खोडली. नंतर पहिले पुन्हा लिहिले.

शिबिरात फेरे मोजणारे यंत्र असते. ते तीट पाहत नाही. सगळ्यांदेखत पडद्यावर बाराशे उमटेल.

म्हणून ठरवले की हा कागद पाकिटात बंद करावा. मेलो तर समीक्षाला खरे कळेल. जगलो तर मला धीर येईल तेव्हा कळेल. ही व्यवस्था रविवारी मला फार सोयीची वाटली.

तो चेंडू, दोन्ही तिटांसकट, समीक्षाला. भामाला या कलमातले काही सांगू नये. तिने तीट लावली, मोजणी मी केली.

कलम ५. वर्तमानपत्र काळूराम यांना. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, पण जे आधीच त्याच्याकडे असते ते दिले असे होत नाही. दुसरे साक्षीदार श्री. गावंड यांना माझी क्षमायाचना. ती मिळकतीत मोडत नाही. काल त्यांच्या दाराची बेल वाजवली. त्यांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि आत वळून म्हणाले, "दोन चहा. एकात साखर जास्त." चौदा महिने लक्षात ठेवले होते.

कलम ६. (हे आज सकाळी वाढवले.)

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना पाहायची असते. हे काळूराम यांना सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि खुर्ची उजेडाकडे ओढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागले, हातात बॉलपेन घेऊन. कलम चार दोनदा वाचले.

"मास्तर, चोवीसशे हाय असं मी कवा बोललो?"

"तुम्ही नाही. मी."

"मी बोललो, वर येतंय. ग्लोव जिथं धरतो तिथं येतच नाय, चार बोटं वर बसतंय. काल बी तसंच बसलं."

"पण फेरे बाराशेच आहेत, काळूराम."

"आसतील. त्या चेंडूला ठावं हाय का?" मग चष्मा काढून म्हणाले, "तुमी सांगा, पोरीला तिकडं मशीनपुढं कळावं, का हितं तुमच्या तोंडून?"

म्हणून सोयीची व्यवस्था रद्द करतो. उद्या, बुधवारी संध्याकाळी, मैदानावर मी समीक्षाला सगळे सांगेन. आधी सांगेन, मग चेंडू स्वतःच्या हाताने उचलून तिला देईन आणि खुर्चीत जाऊन बसेन. नोकरी गेली ती माझ्यामुळे, हेही सांगेन. काळूराम ग्लोव्ह छातीच्या उंचीवर धरतील.

शस्त्रक्रियेची मला भीती वाटत नाही. माझे ऐकून झाल्यावर ती कचरून पहिलाच चेंडू ग्लोव्हच्या खाली टाकेल, याची वाटते.

मृत्युपत्र करणार: विनायक काशिराम घरत

आमच्यासमक्ष सही झाली:
१. काळूराम कोळी (बॉलपेनने)
२. भगवान गावंड

स्थळ: पनवेल
मंगळवार, दि. १३ नोव्हेंबर २०१८