पावाच्या खिडकीतली मुलगी

प्रिय चित्रकार,

रंगीत काचेच्या कारखान्यात सगळे तुला याच नावाने हाक मारायचे. लग्नानंतरही मी तेच चालू ठेवलं म्हणून वन्सं माझ्यावर डोळे वटारायच्या, आठवतं? आज पत्राला दुसरी कुठली सुरुवात सुचेना, तेव्हा हेच राहू दे. माझं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. माझी आई बरी आहे. तिला ऐकू कमी येतं, पण ते ती कबूल करत नाही. अलीकडे सगळं जगच पुटपुटायला लागलंय अशी तिची तक्रार असते. तुझी खुशाली वन्संकडून कळते. तू शाळेत चित्रकला शिकवतोस, चष्म्याचा नंबर वाढलाय, आताची बायको चहात साखर घालू देत नाही, सगळं ठाऊक आहे मला. तू काचेला हात लावत नाहीस, हेही त्यांनीच सांगितलं.

मी अजून लावते. लावते म्हणजे काय, ओढते आहे. दमले आहे रे. परांचीवर चढताना आधी गुडघा कुरकुरतो, मग मी कुरकुरते. मनगटं संध्याकाळी इतकी ठणकतात की बाटलीचं झाकण उघडायला शेजारणीला हाक मारावी लागते. शिशाचं काम म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासायला जावं लागतं, तिथली नर्स मला बघितलं की म्हणते, "अजून तेच काम? सोडा आता मावशी." मावशी! मी तिच्याएवढी होते तेव्हा आपण दोघं एका मोठ्या खिडकीखाली जमिनीवर बसून डबा खायचो आणि पुढची तीस वर्षं काय काय करायचं ते ठरवायचो.

गेल्या हिवाळ्यापासून एका जुन्या चर्चच्या खिडक्यांचं काम घेतलंय. एका संत बाईची जन्मापासून मरणापर्यंतची कथा, एकामागून एक खिडक्यांत रंगवलेली. व्यापाऱ्याची लाडकी लेक असते. बापाचं घर सोडते. रोग्यांची सेवा करते. दुष्काळात गरिबांना पाव वाटते. मेलेल्या मुलाला हात लावून उठवते. शेवटी एका साध्या खाटेवर मरते आणि खिडकीच्या माथ्यावर सोनेरी उजेड पडतो. काम चांगलं आहे, जुन्या हातांचं आहे. पण वाऱ्याने खिडक्यांना पोटं सुटली आहेत, शिशाच्या पट्ट्या जागोजागी तुटल्यात, आणि मेणबत्त्यांच्या काजळीचा थर इतका की संत बाई कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसते. एकेक तुकडा उजेडाच्या टेबलावर ठेवायचा, कापसाची काडी पाण्यात बुडवायची, पुसायचं, काडी टाकायची, दुसरी घ्यायची. तुला काय सांगायचं म्हणा. जरा घाई केली की काजळीबरोबर रंगही निघून येतो.

तिथे किल्ल्या सांभाळणाऱ्या एक मावशी आहेत. चर्च उघडणं, फुलं बदलणं, वेदीवरची कापडं धुणं, सगळं त्यांच्याकडे. पहिले कितीतरी दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्याच नाहीत. त्यांना वाटायचं, मी त्यांची संत पळवून न्यायला आले आहे. पहिली साफ झालेली खिडकी परत बसवली तेव्हा त्या खाली उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी गोरी होती होय? आम्ही उगाच तिला आपल्यातली समजत होतो." त्या दिवशी मी बऱ्याच काळाने मोठ्याने हसले. तेव्हापासून त्या मला पाठीला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून देतात.

मेलेल्या मुलाला उठवण्याची खिडकी मी सगळ्यात आधी करून टाकली. का, ते तुला सांगायला नको. त्या मुलाच्या आईचा चेहरा पुसताना मी फक्त हनुवटी, नाक, कपाळ असे भाग बघत होते. काम झालं, कापडात गुंडाळून ठेवलं, आणि घरी जाऊन दोन दिवस झोपून राहिले. फादरना सांगितलं, पाठ धरली आहे.

मग पावाची खिडकी टेबलावर आली. मध्ये संत बाई, हातात टोपली, भोवती गर्दी. म्हातारे, लंगडे, पोरं, बाया, सगळे मान वर करून तिच्याकडे बघताहेत. उजवीकडे खाली, एका बाईच्या पदराआड एक लहान मुलगी आहे. तिचा चेहरा मूळचा नाही, हे काच पाठीमागून चाचपली तेव्हाच कळलं. काच नवी, सपाट, यंत्रावर बनलेली. कधीतरी दगड लागून चेहरा फुटला असणार आणि कुणीतरी दुसरा रंगवून बसवला. खिडक्यांच्या कामासाठी चर्चने नेमलेल्या समितीचे तज्ज्ञ माझ्याबरोबर होते. भला माणूस आहे, अभ्यासू, माझ्यासाठी खुर्ची स्वतः ओढून आणतो. ते भिंग लावून बघत म्हणाले, "दुरुस्ती करणाऱ्याचा हात बरा आहे, पण समज कमी. सगळे संताकडे बघताहेत आणि ही भलतीकडेच. शिवाय गाल बघा, एका बाजूने सुजल्यासारखा. दाढदुखी झाल्यासारखी दिसते पोरगी." त्यांना चर्चच्या कपाटात एक जुना फोटो सापडला होता. त्यात मूळ चेहरा अगदी स्पष्ट आहे: मुलगी हात जोडून वर बघते आहे. म्हणजे तो पुन्हा रंगवता येईल. त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हणाले असते.

मी मात्र त्या मुलीच्या केसांकडे बघत होते. ओल्या रंगातून झाडूच्या काडीने ओरखडे काढून केस दाखवायचे, आणि प्रत्येक बट दुहेरी ओढायची, असं करणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला आहे. कारखान्यातले साहेब तुला किती ओरडायचे त्यावरून! "पोरीचे केस आहेत का शेवया?" मी आधी तुझा हात ओळखला. त्यानंतर गाल बघितला.

गाल सुजलेला नव्हता. त्यात काहीतरी कोंबलेलं होतं.

भिंगरी होती ती. आपली भिंगरी, जेवायला पानं वाढायच्या आधीच गालात पावाचा तुकडा दडवून साळसूद चेहऱ्याने उभी राहणारी. संत बाईचा हात अजून टोपलीत आहे आणि हिचं खाऊन चाललंय. मी खुर्ची ओढून बसले. तज्ज्ञांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाठ."

तो हिवाळा मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. तिचा ताप, इस्पितळातला तो हिरवट पडदा, डॉक्टरांचं हळू बोलणं, आणि चार दिवसांत सगळं संपलेलं. मला भावाने आपल्या घरी नेलं. तू गावाबाहेरच्या कुठल्याशा चर्चचं काम घेतलंस, एवढं कानावर आलं होतं. परत आले तर तू रोज संध्याकाळी यायचास, कोपरापर्यंत हात धुवायचास, जेवायचास, भिंतीकडे तोंड करून झोपायचास. मी तिचे कपडे बाहेर काढून बसले की तू उठून अंगणात जायचास. आपण भांडलोही नाही कधी. भांडलो असतो तर कदाचित काही झालं असतं. एकमेकांना नको झालो, आणि ते इतक्या हळूहळू झालं की वेगळं होण्याचा दिवसही मला नीट आठवत नाही. तू दिवसभर कुठे जात होतास, काय रंगवत होतास, मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आणि तू हे रंगवत होतास.

एक गोष्ट मात्र कितीतरी वेळ माझ्या डोक्यातून जाईना. मेलेलं मूल उठतं ती खिडकी तिथेच, दोन पावलांवर होती. त्या मुलाच्या चेहऱ्यालाही तडा गेलेला आहे, तू तोही बदलू शकला असतास. तू तिला तिथे नाही ठेवलंस. तू तिला गर्दीत ठेवलंस, चोरून खाताना.

मी घरी आले आणि ठरवलं की होय म्हणून मोकळं व्हायचं. काढू दे त्यांना. वयाच्या या टप्प्यावर कुणाशी वाद घालायचा, कुणाला काय समजवायचं, नको वाटलं. शिवाय रंग कच्चा भाजलेला आहे. तेव्हा तू एकटा होतास, भट्टीवर लक्ष द्यायला मी नव्हते; रंग सालपटासारखा सुटतो आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाच आहे. ठेवली तरी आणखी काही वर्षांत कोरी काच उरली असती.

समितीच्या बैठकीला फादर होते, तज्ज्ञ होते, किल्लीवाल्या मावशी चहा घेऊन आल्या होत्या आणि परत जायचं नाव घेत नव्हत्या. तज्ज्ञांनी फोटो दाखवला. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्हणजे गालफुगी जाणार?" कोण गालफुगी, कुणाला कळेना. तर म्हणे रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाची पोरं मुद्दाम त्या खिडकीखाली बसतात आणि सिस्टरांची पाठ वळली की गाल फुगवून दाखवतात. "माझी मुलगी बसायची, आता तिची पोरगी बसते," मावशी म्हणाल्या. फादर हसले. तज्ज्ञही हसले, पण म्हणाले, "गोड आहे हे, पण कारण म्हणून मला लिहिता येणार नाही. ही दुरुस्ती कुणाची, कधीची, काहीच माहिती नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याची."

तोंडातून निघून गेलं. तुझ्या बायकोला हे पत्र वाचायला दिलंस तर तिला सांग, रागावू नको, जुनी सवय. तज्ज्ञांनी चष्मा काढला. अगदी हळू विचारलं, "आणि ही मुलगी? डोळ्यांसमोर कुणी होतं का त्यांच्या?" मी म्हटलं, "आमची." एवढंच बोलले. मावशींनी माझ्या हातातला गार झालेला कप काढून घेतला आणि दुसरा गरम चहा ओतून दिला.

ते लगेच विरघळले असं समजू नकोस. आणखी दोन बैठका झाल्या. त्यांचं म्हणणं, भावना खरी असेल, पण खिडकी शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याने रचली आहे, त्यालाही कुणीतरी विचारायला नको का? मी म्हटलं की चर्चने तिला इतकी वर्षं सांभाळलं आहे, आता तीही या खिडकीचीच आहे. शेवटी फादर म्हणाले, फोटो आपल्या कपाटात आहेच, तो कुठे जात नाही. मुलगी काढली तर जाईल. तेव्हा ठरलं की ठेवायची. तज्ज्ञांची अट एकच, आणि ती रास्त आहे. सुटणारा रंग मी जागेवर पक्का करायचा, आणि गेलेला डोळा मूळ काचेवर न रंगवता, पाठीमागे एक पातळ काच लावून तिच्यावर काढायचा, म्हणजे उद्या कुणाला नको वाटला तर काढून घेता येईल. आंधळ्या डोळ्याने ती परत वर जाऊ शकत नाही.

रंग पक्का केला आहे. पातळ काच कापून तयार आहे. आणि मी तो डोळा काढून बघण्यात कागदावर कागद वाया घालवते आहे. तिचे सगळे फोटो काढून बसले. फोटोत ती हसते किंवा उन्हाने डोळे बारीक करते. गालात पाव घेऊन बघायची, तसा फोटो कुणी काढला नाही. मी आठवायला जाते तर मला तिची खाली गेलेली पापणीच आठवते, कारण माझी चाहूल लागली की ती नजर चुकवायची. मी ओरडेन म्हणून. सरळ बघायची ती तुझ्याकडे. पाव तूच द्यायचास ना लपवून? मला ते तेव्हाही माहीत होतं. म्हणून हे पत्र. हा डोळा मी कधी पाहिलेलाच नाही, चित्रकार. तो तुझ्याकडे बघायचा. तुझे हात थरथरत असतील तर थरथरू देत, माझेही थरथरतात, टेबलाला टेकवून काम करू. बायकोला घेऊन ये, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे. खिडकी पावसाळ्याआधी बसवायची आहे. ये आणि तेवढा डोळा काढून दे.

तुझीच, कामातली जुनी जोडीदार,
भिंगरीची आई